हीटरवाल्या डॉक्टरबाई

डॉक्टरबाईंच्या गाडीत बसलं की पहिला फर्लांगभर कुणी तोंड उघडायचं नाही, असा नियम होता. नवखं माणूस दार लावता लावता हवापाण्याची चौकशी करू लागलं, तर त्या स्टिअरिंगवरचा हात न काढता म्हणत, "थांबा जरा. आधी तिले बोलू द्या." ती म्हणजे गाडी. मग मान थोडी डावीकडे कलती करून त्या इंजिन, चाकं, दारं, सगळ्यांचं ऐकून घेत आणि फर्लांगाचा दगड मागे पडला की म्हणत, "हं, बोला आता." तोवर समोरचा काय बोलणार होता ते विसरून गेलेला असे.

उमरेडला त्यांचा दवाखाना होता आणि नागपुरात, धरमपेठेत, भावाचं घर. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर "वेळ नाही भेटला" एवढंच सांगत. माझंही माहेर धरमपेठेतलं, त्यांच्या भावाच्या मागच्याच गल्लीतलं. लग्न होऊन मी उमरेडला आले, तेव्हा त्यांनी मला न विचारताच आपली माहेरवाशीण करून टाकलं आणि आमच्या ह्यांना जावई. हे कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात नोकरीला होते. भर बाजारात "काय जावई!" अशी हाक आली की ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. दर शनिवारी बाई नागपूरला निघत आणि जाता जाता मला माहेरी सोडत. एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. बाईमाणूस मोटार हाकते हे पाहायला तेव्हा लोक दुकानाबाहेर येऊन उभे राहत.

गाडी होती विलायती, गोल पाठीची, चिखलदऱ्याचा एक पाद्री मायदेशी परत जाताना विकून गेला होता ती. तिच्यात हीटर होता. पुढच्या सीटसमोर, पायांच्या वर, एक पत्र्याची पेटी आणि पेटीत छोटासा पंखा. इंजिनाचं गरम पाणी त्या पेटीतल्या नळ्यांतून फिरायचं आणि पंखा ती ऊब आत फेकायचा. चिखलदऱ्याच्या थंडीत ते शोभून दिसत असेल, पण आमच्या नागपूरकडे गाडीला हीटर म्हणजे टकल्याच्या खिशात कंगवा. लोकांनी बाईंचं नावच 'हीटरवाल्या बाई' पाडलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

वर कहर म्हणजे, तो हीटर चालतो की नाही हे त्या दर महिन्याला पाहत, मग तो मे महिना का असेना. एकदा मागे एका पेशंटचा म्हातारा काका बसला होता. डोक्याला ओला दुपट्टा, ऊन बाधू नये म्हणून कांदा खिशात. बाईंनी खटका दाबला आणि गाडीत भट्टी पेटल्यासारखं झालं. काका कळवळून म्हणाला, "बाई, मले उतरवून द्या. मी पायदळ येतो." बाई शांतपणे म्हणाल्या, "एकच मिनिट गा. पडून राहिलेली वस्तू ऐन वेळेवर दगा देते."

हा हट्ट कुठून आला ते मला सासूबाईंनी सांगितलं. गाडी घ्यायच्या आधीच्या हिवाळ्यात बाई एक अपुऱ्या दिवसांचं बाळ एस.टी.तून नागपूरला नेत होत्या. खिडकीची काच फुटलेली. बाळ त्यांच्या मांडीवर गार पडलं, ते गारच राहिलं. "त्याच्यानंतर ती गाडी पाहू लागली," सासूबाई म्हणाल्या. "रंग नाही पाह्यला, किंमत नाही पाह्यली. हीटर हाय का, एवढंच इचारे."

सासूबाई बाईंना फार वचकून असत, त्याला कारण होतं. माझं पहिलं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. पुन्हा दिवस राहिले, तेव्हा बाई घरी आल्या आणि चहाला हात लावायच्या आधी त्यांनी सासूबाईंना विचारलं, "या पोरीले उपास काहून करायले लावून राहिली वं?" सासूबाईंनी सोमवार, चतुर्थी असं काही सांगायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "देवाले मी सांगतो. तू तिले दूध दे." त्या दिवसापासून आमच्या घरातले उपास सासूबाईंनी एकट्यांनी केले. आणि मला मात्र रोज रात्री एकच भीती असायची, हेही जाईल. ती मी फक्त बाईंपाशी बोलत असे. त्या खोटा धीर देत नसत. म्हणत, "हे जाईल का राहील ते मले ठाऊक नाही. राहावं म्हणून जे करता येते ते आपण करून राहिलो."

दिवाळीनंतर त्या पंख्यानं आवाज करायला सुरुवात केली. गाडीत एकदम टकटक आणि मधूनच किर्र. दुसऱ्या कुणी खटका बंद करून विषय संपवला असता. बाईंनी रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली. आधी इंजिन बंद करून नुसता पंखा चालवला. आवाज होताच. "म्हणजे इंजिन नाही." मग पंखा बंद ठेवून गाडी चालवली. आवाज गेला. "म्हणजे चाकही नाही. पंखाच आहे." एवढ्यावर थांबतील तर त्या बाई कसल्या! बॅगेतून स्टेथोस्कोप काढला, कानात घातला आणि पंख्याच्या पेटीवर टेकवला. डोळे मिटून ऐकलं आणि निदान केलं, "दोन आजार आहेत. टकटक येगळी, किरकिर येगळी." मला इतकं हसू आलं की पोट धरावं लागलं. त्यावरही मला बोलणी बसली, कारण पोट तसं दाबायचं नसतं.

टकटक साधी निघाली. दवाखान्याच्या अंगणात गाडी कडुनिंबाखाली उभी असायची. पेटी उघडली तेव्हा आत वाळक्या निंबोळ्या आणि काड्या, पंख्याच्या पात्यांना लागत होत्या. त्या काढल्या, टकटक गेली. किरकिर मात्र राहिली. पंख्याचा दांडा ज्या पितळी बुशात फिरतो, तो बुश कोरडा पडून झिजला होता. नवीन बुश नागपूरच्या लेथवाल्या खराद्याकडून घडवून आणायला हवा होता. गावातला मिस्त्री म्हणाला, "तोवर वायर काढून टाका ना, बाई. इकडे हीटर कोन लावते?" बाईंनी बुशाला तेल दिलं आणि पेटी परत बंद केली.

आमच्या ह्यांना मात्र मिस्त्र्याचं म्हणणं पटलं. बाईंचे आमच्यावर उपकार होते, ते थोडे तरी फेडावेत म्हणून एका रविवारी ह्यांनी गाडी धुऊन पुसून चकचकीत केली आणि मिस्त्र्याला बोलावून पंख्याची वायर काढून टाकली. पुढच्या खेपेला बाईंनी खटका दाबला. काहीच ऐकू आलं नाही. हे मागच्या सीटवर खुशीत बसले होते. म्हणाले, "केला बंद आवाज."

बाईंना तसं चिडलेलं मी एरवी कधी पाहिलं नाही. "जावई, रडणाऱ्या पोराची मले भीती नाही वाटत," त्या म्हणाल्या. "गप्प पोराची वाटते. त्याचं तोंड दाबून तुम्ही मले सांगून राहिले का पोरगं बरं झालं?" मग जरा निवळून त्यांनी खरं काय ते सांगितलं. "पंखा तर चाललाच पाहिजे, नाही तर लेकरू गार पडते. अन् आवाजही नाही पाहिजे, नाही तर गाडी चालवता चालवता मले लेकराचा श्वास ऐकू येत नाही. दोन्ही पाहिजे." ह्यांनी दुसऱ्याच दिवशी वायर परत जोडून घेतली. बुश करायचं ठरलं संक्रांतीनंतर, कारण माझे दिवस फाल्गुनात भरणार होते आणि घाई कुणालाच वाटत नव्हती.

पौषात, ऐन थंडीत, पहाटे माझ्या कळा सुरू झाल्या. उजाडता उजाडता मुलगी झाली. सासूबाईंनी पाहिलं आणि "खारीएवढी हाय वं," म्हणून पदर तोंडाला लावला. बाईंनी तिला कापसात गुंडाळलं आणि तशीच माझ्या पोलक्याच्या आत, उघड्या छातीशी ठेवली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात अशा बाळांना उबेत ठेवायची काचेची पेटी होती. तिथपर्यंत तिला उबेत न्यायचं, एवढंच काम होतं. मला पुढच्या सीटवर बसवलं, हे मागे बसले, आणि हीटर लावून आम्ही निघालो.

रस्त्यावर धुकं होतं. गाडीत ऊब भरत गेली आणि माझे पाय हळूहळू माझे झाले. पोरगी रडत नव्हती. रडण्याइतकं अंगात काही नव्हतंच. बाईंची मान डावीकडे कललेली होती, माझ्या छातीच्या बाजूला. अर्ध्या वाटेवरच्या पाचगावच्या अलीकडे पंखा किरकिरू लागला आणि बघता बघता किंचाळायला लागला. बाईंनी गाडी थांबवली, पंखा बंद केला, इंजिन बंद केलं. "पंखा पाहतो जरा," म्हणाल्या.

स्टेथोस्कोप काढला. पण तो आधी लावला पोरीला. मग तिच्या तळपायावर बोटानं एक टिचकी मारली, आणखी एक मारली, आणि एस.टी.च्या कंडक्टरसारख्या म्हणाल्या, "उठा वं बाई, पाचगाव आलं." पोरगी मांजराच्या पिलासारखी कुरकुरली. बाई "हं" म्हणाल्या आणि ह्यांच्याकडे वळल्या, "जावई, पळा. त्या टेलरकडून मशीनच्या तेलाची कुपी आणा." रस्त्याकडेचा टेलर दुकान झाडत होता. हे धावले. तोवर बाई स्क्रू काढायचा पेचकस घेऊन डॅशबोर्डाखाली शिरल्या. डोकं आत, पाय बाहेर, नऊवारीचा ओचा गुडघ्यापर्यंत वर. आतून मला विचारत राहिल्या, "हलते का वं? हात ठेवून पाह्य. सांगत राह्य." मी सांगत राहिले. कुपी आली, बुशात तेल गेलं, बाईंनी पातं बोटानं फिरवून पाहिलं आणि पंखा असा गुपचूप चालू लागला की जणू तो कधी बोललाच नव्हता.

मुलगी वाचली. बरेच दिवस काचेच्या पेटीत राहिली, मग माझ्या आईकडे, मग उमरेडला आली. नंदा नाव ठेवलं. बाईंनी तिच्या बारशाआधी खराद्याकडून बुश करून आणला.

ही गोष्ट मी पुढे किती जणांना सांगितली असेल! पंखा आणि पोरगी एकाच स्टेथोस्कोपनं तपासणाऱ्या डॉक्टरबाई, आणि ते "पाचगाव आलं". हळदीकुंकवाला सांगितली, लग्नात सांगितली. बाईंसमोरही सांगायची. त्या नुसत्या हसायच्या.

नंदा कॉलेजात गेली तेव्हा आम्ही नागपूरला राहायला आलो होतो. गाडी केव्हाच भंगारात गेली होती. एक दिवस कळलं की बाई दवाखाना बंद करून जबलपूरला भाचीकडे चालल्या आहेत. मी उमरेडला गेले. त्या ट्रंकेत सामान भरत होत्या. शेजारची नवी सून मदतीला आली होती. तिला मी सवयीनं तीच गोष्ट सांगितली, आम्ही दोघी पोटभर हसलो. सून घरी गेल्यावर बाई ट्रंकेवर बसल्या.

"ते तसं नव्हतं वं," त्या म्हणाल्या. "मी पंख्यासाठी नव्हती थांबली. पंखा ओरडायले लागला अन् मले पोरीचा श्वास ऐकू येईना. पंखा बंद केला, तरी येईना. नळी लावली. काळीज चालू होतं, पण श्वास नव्हता. दुसऱ्या टिचकीले घेतला तिनं."

मी वेड्यासारखं विचारलं, "मग पंखा कशाला दुरुस्त करत बसलात?"

"बुश तर कोरडा होताच. पण माझे हात कापून राहिले होते, माये. तशा हातानं गाडी हाकली असती तर सगळ्यांले खड्ड्यात घातलं असतं. पेचकस धरला का माझे हात थांबतात. अन् तू माझ्या तोंडाकडे पाहून राहिली होती. डॅशबोर्डाखाली तोंड घातलं का तुले दिसत नाही."

"इतक्या वर्षांत सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? तवा अर्धा रस्ता बाकी होता. मग पोरगी वाचली. मग तू हसून हसून सगळ्यांले सांगू लागली. म्हटलं, असू दे. हसणं चांगलं आहे." एवढं बोलून त्या उठल्या आणि उरलेल्या साड्या ट्रंकेत ठेवू लागल्या.

मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी मला हाताला धरून उठवलं. ती भीती त्यांनी स्वतःपाशी ठेवली होती आणि मला सांगायला एक गमतीची गोष्ट देऊन टाकली होती. माझ्यासाठी इतकं कुणीच केलेलं नाही, माझ्या आईनंही नाही. हे मी त्यांना तेव्हा बोलून दाखवलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. बाई पुढे जबलपूरलाच वारल्या. आमची पुन्हा भेट झाली नाही.

त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा नंदा दिवसाढवळ्या पुस्तक उघडं टाकून झोपली होती. परीक्षा तोंडावर होती. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. मी पिशवी खाली ठेवली, पंखा बंद केला आणि तिच्या उशाशी बसून तिचा श्वास ऐकत राहिले.