बाउळपद्याचा बांध

...तर ते दोन जिवंत रोहू त्याने परत धाडले, तिथवर काल आलो होतो. नुसते परत नव्हे हं! टोपलीला चिठ्ठी बांधलेली : 'दोन रोहू, जिवंत, साभार परत.' तेव्हा आर्तत्राण खटुआ नवा नवा कलेक्टर झाला होता आणि भेट म्हणून मासे आणणारा होता त्याचाच शाळासोबती. बाउळपद्यात मग लोक म्हणायचे, आर्ताला शिंक आली तरी तो आधी कागदावर नोंद करतो आणि मग शिंकतो.

त्या सवयीची कसोटी लागली ती पुढे सव्वीस वर्षांनी, भाद्रपदातल्या पुरात. आता तो भुवनेश्वरात सचिव होता, पुराचा सगळा कारभार त्याच्याकडे. निवृत्तीला सात महिने उरलेले. दुपारी बाराला बांधावरून इंजिनियर परिडाबाबूंचा फोन आला.

"सर, धोक्याच्या खुणेच्या वर हातभर पाणी आहे. चारच्या आत कुठेतरी बांध फोडावाच लागेल, नाहीतर खालचं शहर जातंय."

कुठे फोडायचा, ते ठरलेलंच होतं. कलेक्टर असताना आर्तत्राणनेच दोन्ही काठ पायी तुडवून जागा नक्की केली होती : बाउळपदा. त्याचं स्वतःचं गाव! पलीकडच्या काठाला सात गावं, इकडे दीडशे घरं आणि हाकेच्या अंतरावर चक्रीवादळात आसऱ्याला म्हणून बांधलेली उंच, पक्की इमारत. त्या दिवशी सही त्याने सहज करून टाकली होती. पूर तेव्हा कागदावरच होता ना!

साडेबाराला मंत्र्यांचा फोन.

"खटुआबाबू, बांध पलीकडून फोडा. तुमचं गावही वाचेल. जन्मभूमीचं ऋण फेडा की एकदा!"

बाउळपद्याखाली मंत्र्यांच्या मेहुण्याची कोळंबीची तळी होती, हे सचिवालयातल्या चहावाल्यालाही ठाऊक.

"लिहून पाठवतो, सर," आर्तत्राण म्हणाला.

ही त्याची रीतच. तोंडी हुकूम आला की वेळेसकट फाइलवर उतरवायचा आणि सहीसाठी वर धाडायचा. शिपाई फाइल घेऊन जिना चढला. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. परिडाबाबूंचा पुन्हा फोन : आणखी चार बोटं चढलं. पाऊण तासाने फाइल उतरली. सही नाही. समासात दोनच शब्द : 'चर्चा करावी.'

मुरलेल्या बाबूला याचा अर्थ सांगावा लागत नाही. बुडवायचं ते तुम्ही बुडवा, आमचं नाव नको.

आर्तत्राणने चष्मा पुसला. डोळ्यांपुढे बापाने लावलेले माड आले. मग त्याने खाली लिहिलं, 'चर्चेस वेळ नाही. ठरल्याप्रमाणे बाउळपदा, चार वाजता.' आणि सही ठोकली.

वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! अडीचला तहसीलदारबाई फोनवर रडकुंडीला आलेल्या.

"सर, तुमचं गाव उठतच नाही हो! शेजारचे पाडे केव्हाच इमारतीवर चढले. हे ओसरीवर पाण्यातला पखाळभात खात बसलेत. म्हणतात, आमचा आर्त भुवनेश्वरात बसलाय, आमचा बांध कोण फोडतो? तुमचे थोरले भाऊ तर मला म्हणाले, 'बसा बाई, दोन घास खाऊन जा.'"

आयुष्यभर गावाला साधा दाखला वशिल्याने दिला नाही, आणि तेच गाव त्याच्या भरवशावर पाण्याच्या तोंडी बसलं होतं! त्याने थोरल्या भावाला, कुळमणीला फोन लावला.

"भाइना, ऊठ. सगळ्यांना घेऊन इमारतीवर चढ."

"कशाला रे? तू असताना आम्हाला काय धाड भरलीय?"

"मी आहे म्हणूनच सांगतोय. चारला बांध आपल्याकडेच फुटणार."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"बापाच्या माडांवर?" कुळमणीचा आवाज चिरकला. "दोन माशांची चिठ्ठी लिहिणारा तू, आणि गावावर पाणी सोडणाऱ्याचा हात धरला नाहीस? कुणा हरामखोराची सही आहे रे त्या कागदावर?"

घड्याळात तीनला दहा कमी होते.

"सही माझीच आहे, भाइना. आधी गाईंची दावी सोड, पोरंबाळं वर चढव. शिव्या वर पोचल्यावर दे, मी फोन ठेवत नाही."