चौदा अर्ध्या वस्तू

माझ्या मावशीला राग आला की ती नवीन कला शिकायला लागते. आदळआपट नाही, रडारड नाही. काकांशी बोलणं बंद होतं आणि दुसऱ्या दिवशी घरात लोकर येते, किंवा वेत, किंवा चिकणमाती. शेजारच्या शिंपीणबाईंकडून ती दोन टाके शिकून येते, एखादं पुस्तक आणते आणि कामाला बसते. हात तिचा फार चांगला आहे. मग आठ-दहा दिवसांनी ती वस्तू अर्धीच माळ्यावर जाते.

तिला सगळे आरंभशूर म्हणायचे. माझी आई, म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण, म्हणायची, एक ना धड, भाराभर चिंध्या. मीही हसायचे. एका बाहीचा स्वेटर, टेबलाच्या मध्यापर्यंत पोहोचून थांबलेला क्रोशाचा टेबलक्लॉथ, मान नसलेला राजहंस, तळ नसलेली टोपली. चौतीस वर्षांच्या संसारात अशा चौदा वस्तू जमल्या. त्यातली वेताची खुर्ची तेवढी माळ्यावर मावली नाही म्हणून बैठकीच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली होती.

काका लिफ्टचे इन्स्पेक्टर होते. इमारतीत जायचं, दोर, दार आणि ब्रेक तपासायचे आणि 'काम पूर्ण' असं लिहिलेल्या कागदावर सही करायची. लिफ्ट अर्धी चालून भागत नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी कुठलीही वस्तू ते आधी वाकून खालून बघतात.

एका रविवारी त्यांचे ऑफिसातले एक जुने मित्र बायकोला घेऊन आले. या मित्रांना ऑफिसात 'तळमजला' म्हणत, कारण लिफ्ट बंद असली तर ते जिना चढत नसत. तळमजलासाहेब त्या वेताच्या खुर्चीवर बसायला गेले. काका म्हणाले, "तिथे नको, ती अर्धीच आहे. आमच्या घरात सगळंच अर्धं असतं. हिने आयुष्यात एक गोष्ट पूर्ण केलेली नाही."

तळमजलासाहेब हसले. त्यांच्या पत्नीही हसल्या. खरं सांगायचं तर मीही हसले, मी तिथेच होते. मावशीने चहा आणला. कप काठोकाठ भरलेले होते आणि एक थेंब सांडला नाही.

त्या दिवसापासून ती काकांशी बोलली नाही. नवीन कलाही सुरू केली नाही. दुसऱ्या दिवशी तिने शिडी लावून माळा रिकामा केला आणि जुन्या वस्तू एकेक करून पूर्ण करायला घेतल्या.

पुढच्या रविवारी मी घरी आले तर आई माझं कपाट रिकामं करत होती. "ताई येणार आहे," ती म्हणाली. "सगळ्या वस्तू पूर्ण झाल्या की येते म्हणाली. तुझा पलंग खिडकीकडे सरकव."

"किती दिवस?"

"कायमची," आई म्हणाली आणि माझे स्वेटर खोक्यात भरू लागली.

मी दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंटी देते. दुखणं किती दिवसांचं आहे हे मला माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं. मावशीकडे गेले तेव्हा तिचा चेहरा मला आवडला नाही. स्वेटरची दुसरी बाही झाली होती. सुरू केला तेव्हा काका सडपातळ होते आणि तिने माप बदललं नव्हतं. "यांना सांग, स्वेटर पूर्ण झालाय," ती मला म्हणाली. काका दोनच हातांच्या अंतरावर बसले होते. मी सांगितलं. काका म्हणाले, "ऐकलं." मग त्यांनी तो चढवला. पोटावर बटणं लागली नाहीत. भर उन्हाळ्यात ते तासभर तसेच बसून राहिले आणि मावशीने एकदाही तिकडे पाहिलं नाही.

असं दोन-अडीच महिने चाललं. दर रविवारी एक-दोन वस्तू पूर्ण झालेल्या असत. राजहंसाला मान आली, टोपलीला तळ आला. घर दुकानासारखं दिसायला लागलं. काका रोज सकाळी उरलेल्या वस्तू मोजत. मला हळूच विचारत, "तिला थोडा कंटाळा आल्यासारखा वाटतोय का?" मी नाही म्हणायचे. त्यांना भीती वाटत होती आणि ती त्यांना कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

शेवटी फक्त खुर्ची उरली. वेत विणण्याआधी पाण्यात भिजवावा लागतो, म्हणून मी बादली भरून दिली आणि सहज विचारलं, "ही का गं सोडली होतीस?"

"सोडली कुठे? यांनी हाक मारली."

"म्हणजे?"

"आठ दिवस बोलत नव्हतो. मग हे आतून म्हणाले, अगं, चष्मा सापडत नाही. चष्मा डोक्यावर होता. मी उठले, दिला, मग बोलत बसलो. बादलीतला वेत तसाच कुजला."

"आणि टेबलक्लॉथ?"

"हे म्हणाले, चल, फिरून येऊ."

"राजहंस?"

"यांना बरं नव्हतं."

मी चौदाही वस्तूंबद्दल विचारलं. चौदाही वेळा काकांनी काहीतरी निमित्त काढून हाक मारली होती आणि ही हातातलं टाकून उठली होती. "राग गेल्यावर कोण क्रोशा करत बसतं?" ती म्हणाली. मग वेताची काडी ओढून घट्ट करत म्हणाली, "मला वाटायचं, यांना माहीत आहे."

कुणाला सांगू नको असं ती म्हणाली नव्हती, म्हणून मी बाहेर जाऊन काकांना सगळं सांगितलं. त्यांनी वही काढली आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. एकेक वस्तू लिहिली, पुढे कारण लिहिलं.

"मला वाटायचं तिला कंटाळा येतो," ते म्हणाले. "चौतीस वर्षं मला तसंच वाटलं."

मला वाटलं, आता ते उठतील आणि आत जातील. ते उठले नाहीत. नोकरीत त्यांनी हजारो सह्या केल्या, पण लिफ्टची माफी कधी मागावी लागत नाही. त्यातच आठवडा गेला.

पुढच्या रविवारी दुपारी मावशीने मला बॅग उचलायला बोलावलं. बॅग दाराशी भरून ठेवली होती. खुर्चीचा एकच कोपरा राहिला होता आणि ती खाली बसून तो विणत होती. काका दारात आले.

"अगं," ते म्हणाले. "चहा टाकतोय. ठेव ते."

मावशीचा हात थांबला नाही. "यांना सांग, दोनच काड्या राहिल्यात."

"काका, दोनच..."

"ऐकलं." ते जवळ आले आणि सवयीने वाकून खुर्ची खालून बघू लागले. आता हे विणीचं कौतुक करतील आणि ती खुर्ची पूर्ण करून निघेल, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "राहू देत दोन."

"यांना विचार, मग उद्या कुणी आलं की काय सांगणार."

हा प्रश्न मी पुढे पोचवला नाही. काकांनी थोडा विचार केला, वही आणली, फोन आणला आणि आमच्यासमोरच उभं राहून नंबर लावला.

"तळमजला? मी बोलतोय. मागे तुम्ही आला होतात तेव्हा मी हिच्याबद्दल एक बोललो होतो. ते चूक होतं. ... नाही, तब्येत बरी आहे. ... अहो, ती खुर्ची. तुम्ही बसायला गेलात ती. ... आठवत नसेल तरी ऐका. ती अर्धी राहिली कारण मी हाक मारली. सगळ्याच वस्तू माझ्यामुळे राहिल्या. मी वाचून दाखवतो. वहिनींनाही बोलवा, त्याही हसल्या होत्या."

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. प्रत्येक वस्तूचं नाव, ती कितपत झाली होती, आणि मग कारण. तपासणीचा अहवाल वाचावा त्याच आवाजात. पलीकडून मधूनमधून 'बरं' येत होतं. चष्म्याची ओळ काकांनी दोनदा वाचली. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही करायची ती वेळ नव्हती.

"सहा. राजहंस, भरतकाम, मान बाकी. कारण, मला ताप होता."

"ताप नव्हता," मावशी म्हणाली. "नुसता खोकला होता तुम्हाला."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढून त्यांनी 'ताप' खोडलं, वर 'खोकला' लिहिलं आणि फोनवर तशी दुरुस्ती सांगितली. मावशीने हातातली काडी खाली ठेवली आणि वही नीट दिसावी म्हणून त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.