मोहाचा ओला चोथा

पांढरकवड्याच्या अलीकडच्या तांड्यात सुखीबाईच्या हातची मोहाची दारू नावाजलेली. पण बाईची खरी अक्कल दारूत नव्हे, चोथ्यात! भट्टी उतरली की मडक्यात उरलेला मोहाचा चोथा ती दोन दिवस खडकावर वाळवायची, मगच ढोरांना मूठ मूठ घालायची. ओला चोथा ढोराच्या तोंडी लागला की पोट फुगतं, हे ती साऱ्या तांड्याला दटावून सांगे.

पुढं दारूबंदी आली. आता खडकावर चोथा वाळवणं म्हणजे पोलिसांना आवतण देणं. साठ सालच्या उन्हाळ्यात भरदुपारी जीप दिसली आणि सुखीबाईचं धाबं दणाणलं. दारू नाल्यात ओतली, पण टोपलंभर ओला चोथा लपवायचा कुठं? शेजारी तिचा दीर रामलाल याची गाय बांधलेली होती. बाईनं टोपलं तिच्यापुढं रिकामं केलं. गायीनं सगळं फस्त केलं, पोलीस हात हलवत परत गेले. दिवस कलता कलता गाय टम्म फुगली आणि दाव्यातच पाय झाडून मेली.

तांड्याची रीत अशी, की गळ्यात दावं असताना गाय मेली तर पाप धन्याचं. धन्यानं तेच दावं गळ्यात घालून एकवीस दिवस दारोदार भीक मागायची. बोलायचं नाही, नुसतं हंबरायचं. तांड्याचा नाईक डोंगरसिंग यानं रामलालच्या गळ्यात दावं घातलं, तेव्हा सुखीबाई समोरच उभी होती. तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!

रामलाल भीक मागत दूरच्या गावांना गेला, तरी चुलीपाशी बसलं की तिला ते हंबरणं ऐकू यायचं. कान झाकले तरी यायचं. बाया म्हणाल्या, बाहेरची बाधा असेल. कसली बाधा? ही बाधा आपल्याच पापाची, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एकविसाव्या दिवशी रामलाल तिच्या दारात आला. तिनं झोळीत पीठ घातलं.

"रामलाल, तुही गाय मीनं मारली रे. वला चोथा मीनंच घातलता, पोलिसाच्या भेवानं. ते दावं मले दे."

रामलाल बघत राहिला. बोलला असता तर एकवीस दिवस पुन्हा पहिल्यापासून.

"शिव्या तरी दे रे मले!"

त्यानं झोळी पुढं धरली आणि हंबरला.

दुसऱ्या दिवशी दावं उतरलं. रामलाल बायकोशी बोलू लागला, नाईकाशी बोलू लागला. गायीचं खरं त्यानं कुणालाच सांगितलं नाही. सुखीबाईपुढं मात्र सदुसष्ट साली ती मरेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. तिच्या दारावरून जाताना नुसता हंबरायचा. लोक म्हणायचे, बिचाऱ्याला सवयच लागली.