नीनो इथे राहत नाही

जेलरोडच्या त्या सोसायटीत कुणाकडे पाळणा हलला किंवा कुणी देवाघरी गेलं, की डॉक्टरच्या पाठोपाठ निरोप जायचा तो रंगनाथ खालकरांना. दाखला जन्माचा असो की मृत्यूचा, समोरच्याची निम्मी हकीकत होईपर्यंत खालकर चपला घालून तयार असत. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांनी आयुष्यभर कारकुनी केली होती. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला निघतात, हे कचेऱ्यांना निघाले. खांद्यावरच्या पिशवीत गोंद, टाचण्या आणि घरातल्या प्रत्येकाचे फोटो. "माणूस बडबडतो, कागद बोलतो," असं ते म्हणत. सिंधुबाई म्हणायच्या, "ह्यांना स्वर्गात नेलं तरी आधी विचारतील, अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा?"

त्यांचा मुलगा रुद्र नाशिकजवळच्या एका वायनरीत कामाला होता. द्राक्षांचं काम शिकायला तो जॉर्जियाला गेला आणि येताना नीनोला घेऊन आला. "द्राक्षं बघायला पाठवलं होतं," सिंधुबाई कुरकुरल्या. पण पोरीने पहिल्याच दिवशी ठेचा खाऊन पुन्हा मागितला, तेव्हा त्यांची कुरकुर संपली.

आधी सरकारी कार्यालयात नोंदणी लग्न झालं, ते नीनोच्याच नावाने. मग सायखेड्याला भावकीसमोर मांडव पडला. तिथे ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली. रुद्र म्हणाला, "बाबा, आहे तेच नाव राहू द्या ना."

"भावकीत नीनो कसं चालंल? भटजींनी पंचांग बघून नाव काढलंय." खालकरांनी विषय संपवला.

रुद्रने मुकाट्याने 'स्वानंदी' लिहिलं. नीनो ताटाकडे बघून हसली आणि तिने विचारलं, "मग जुनं नाव कुठे जातं?" वाजंत्री जोरात चालू होती. ज्यांना ऐकू गेलं त्यांनीही अक्षता टाकल्या.

खालकर कुठलंच काम अर्धवट सोडत नसत. दारावर 'सौ. स्वानंदी रुद्र खालकर' अशी पितळी पाटी लागली. सुनेला जुन्या नावाने हाक मारील त्याने अख्ख्या मजल्याला भेळ द्यायची, असं फर्मान निघालं. शेजारच्या चंद्रभागाबाईंच्या गळ्यात एकदा भेळ पडली आणि मग सगळे इतके सुधारले, की जुनं नाव कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. वाचनालयाचं कार्ड, बचत गटातली नोंद, सोसायटीचं रहिवासाचं पत्र, खालकरांनी जातीने फिरून सगळीकडे स्वानंदी करून घेतलं. नीनो हाकेला ओ देत होती. एवढ्यावर सासऱ्यांचं समाधान होतं.

अशात तिच्या व्हिसाची मुदत संपत आली. ती वाढली नाही तर तिला देश सोडून परत जावं लागणार होतं, आणि तिकडून पुन्हा पहिल्यापासून अर्ज. खालकरांनी व्हिडिओ कॉलवर तिच्या वडिलांना छातीवर हात ठेवून शब्द दिला होता, "पोरीच्या कागदांची काळजी तुम्ही करायची नाय. ते माझ्याकडं." नीनोने ते आपल्या भाषेत सांगितलं. तिकडे वडिलांनी डोळे पुसून वाइनचा ग्लास उंचावला. इकडे खालकरांनी चहाचा कप उंचावला.

"आमच्याकडे एक मोठी काचेची इमारत," नीनो त्यांना सांगायची. "आत जायचं, नंबर घ्यायचा, बसायचं. कागद मिळतो. मग घरी."

खालकरांना त्या देशाची कीव आली. "मग रिटायर माणसं दिवसभर करतात काय?"

अर्ज रुद्र आणि नीनोने संगणकावरून भरला, पासपोर्टावरच्या नावाने. संगणकावर खालकरांचा भरवसा नव्हता. त्यांनी आपली वेगळी फाइल बांधली, अशी जाडजूड की तिला दोन नाड्या लागल्या.

अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहते का, हे बघायला पोलीस ठाण्यातून अंजली नावाची शिपाई आली, तेव्हा खालकर मंडळी नेमकी पुतणीच्या साखरपुड्याला सायखेड्याला गेली होती. संध्याकाळी सगळे परतले तर चंद्रभागाबाई जिन्यातच उभ्या.

"पोलीस आली होती! कुणा नीनोला शोधत होती. मी सांगितलं, इथं असलं कुणी नाय. ती म्हणे, परदेशी बाई हाय. मी म्हटलं, परदेशी कशाला? हिथं समद्या आपल्याच बाया. मग तिनं सेक्रेटरी केरूभाऊंना विचारलं. तेबी म्हणाले, ह्या नावाचं कुणी नाय. लिहून घेऊन गेली."

"बरोबर सांगितलंत," खालकर म्हणाले. "आजकाल कोणाचा पत्ता कोण देईल, नेम नाय. कोण ही नीनो?"

रुद्रने कपाळाला हात लावला.

"बाबा," नीनो म्हणाली, "नीनो मी."

ती रागावून बोलली असती तर खालकरांना सोपं गेलं असतं. पण ती अगदी हळू बोलली, एखाद्याला आपली ओळख पहिल्यांदा करून द्यावी तशी. खालकर किल्ली शोधू लागले. किल्ली त्यांच्या हातातच होती.

दुसऱ्या दिवशी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात साहेबांनी अहवाल वाचून दाखवला. सदर व्यक्ती दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, शेजारी तिला ओळखत नाहीत. खालकर हसले. या क्षणासाठीच तर त्यांनी फाइल बांधली होती. दोन्ही नाड्या सोडून त्यांनी एकेक कागद टेबलावर मांडला, पत्त्यांच्या डावात हुकूम टाकावा तसा.

साहेबांनी सगळं शांतपणे वाचलं. "काका, ह्यावरून एवढंच दिसतं की तुमच्या घरी स्वानंदी राहते. वाचनालयात जाते, बचत गटात आहे. पण अर्ज नीनोचा आहे. नीनो कुठंय?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खालकर एकेक कागद पुन्हा चाळू लागले. इतक्या कागदांत पोरीचं खरं नाव एकदाही नव्हतं, आणि प्रत्येक कागद त्यांनी स्वतः करून घेतला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, ही पिशवी घरी ठेवून आलो असतो तर बरं झालं असतं. साहेब भला माणूस होता. पासपोर्ट आणि नोंदणीचा दाखला ठेवून घेत तो म्हणाला, "पुन्हा पडताळणी सांगतो. पण ह्या वेळी शेजाऱ्यांनी ओळखलं पाहिजे."

परतताना रिक्षात खालकरांनी विचारलं, "नाव कोणी ठेवलेलं तुझं?"

"आजीचं नाव. मी झाले, त्या वर्षी आजी गेली. वडिलांनी तेच ठेवलं."

वडिलांनी. व्हिडिओ कॉलवर ग्लास उंचावणारा तो माणूस खालकरांच्या डोळ्यांसमोर आला. आपण त्याला कागदांचा शब्द दिला आणि त्याने दिलेलं नावच काढून टाकलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. वळण सांगायचं राहिलं, आणि रिक्षावाला घर सोडून पुढे गेला.

संध्याकाळी खालकर मतं मागणाऱ्या उमेदवारासारखे हात जोडून दारोदार फिरले. "स्वानंदी विसरा. नीनो. म्हणून दाखवा." चंद्रभागाबाई भडकल्या, "आधी नीनो म्हटलं म्हणून भेळ उकळली, आता स्वानंदी म्हटलं तर काय पुरणपोळी घेणार?" पण पोरगी परत जाईल म्हटल्यावर त्यांचाही चेहरा पडला. पापड लाटताना शेजारी बसून गाणं गुणगुणणारी दुसरी कोण होती?

अंजली पुन्हा आली तेव्हा तिने अजून तोंड उघडलं नव्हतं, तोच जिन्यातून ओरडा झाला, "नीनो इथंच राहते!" केरूभाऊंनी तर गेटवर फळा लावला होता, 'नीनो दुसऱ्या मजल्यावर'. अंजलीच्या भुवया चढल्या.

"परवा कुणालाच माहीत नव्हती. आज सगळ्यांना तोंडपाठ? पढवलंय कोणी?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. सगळ्यांनी खालकरांकडे पाहिलं. सवयीने त्यांचा हात पिशवीकडे गेला. खांद्यावर पिशवी नव्हती.

"मी पढवलं," ते म्हणाले. "आणि आधी विसरायलाही मीच लावलं. मांडवात हिचं नाव बदललं, हिला न विचारता. बाई, ह्या लोकांचा दोष नाय. हिच्या बापाने ठेवलेलं नाव मी पुसलं. हिला परत पाठवू नका. माझ्याकडं ह्याचा कागद नाय, नुसतं तोंडीच हाय."

अंजलीने लिहिणं थांबवलं. ती नीनोकडे वळली.

"मला सासरी वेदिका केलंय," ती म्हणाली. "भरतीची कागदपत्रं अंजलीच्या नावाची होती म्हणून ड्युटीवर तेवढी अंजली उरले." मग तिने खालकरांचा जबाब घेतला, चंद्रभागाबाईंचा घेतला, आणि चहाही घेतला.

मुदत वाढल्याचा निरोप आला त्या सकाळी खालकरांनी पेढे आणले नाहीत. त्यांनी दारावरची पाटी उतरवली, सिंधुबाईंकडून ताटभर तांदूळ मागून घेतले आणि ताट नीनोसमोर ठेवलं.

"ह्या वेळी तू लिही. तुझ्या अक्षरात."

नीनोने बोटाने लिहिलं. गोलगोल, वेलीच्या तणाव्यांसारखी अक्षरं. खालकरांना त्यातलं एकही वाचता येईना. त्यांनी खिशातून फोन काढला, पाटीवाल्याला दाखवायला नीट फोटो घेतला, आणि मग तिच्या वडिलांचा नंबर लावून कॅमेरा ताटावर धरला. तिकडे वडील फोनच्या अगदी जवळ सरकले.

"वाचा म्हणावं," खालकर नीनोला म्हणाले. "मोठ्यांदा वाचा. मला शिकायचंय."