मॅडम, कोड आला का?

आमचं गाव बोरी अरब, आणि आमच्या गल्लीत कॉम्प्युटर फक्त माझ्या घरी. मी शाळेतून रिटायर झाली तेव्हा घेतला. तेव्हापासून गल्लीतल्या अर्ध्या फॉर्मवर ईमेल माझा आणि मोबाइल नंबरही माझाच. शिष्यवृत्ती असो, जातीचा दाखला असो, नाहीतर पीकविमा. लोकं फॉर्म भरायले तालुक्याले, दारव्ह्याच्या केंद्रावर जायचे आणि कोड यायचा माझ्याकडे. मग तिथून फोन, "मॅडम, कोड आला का?" मी चष्मा लावायची, सहा आकडे वाचायची, फोन ठेवायची. दिवसातून पाच-सात वेळा तरी. मले त्याचा मोठा अभिमान होता, खोटं कायले बोलू.

कॉम्प्युटरले मात्र मी फार जपायची. अँटीव्हायरस दरवर्षी नवा. कोणी पेनड्राइव्ह घेऊन आलं की दारातूनच वापस. "कुठकुठचे व्हायरस असतीन त्यात, माझ्या मशीनले नका लावू," असं तोंडावर सांगायची. लोकं हसायचे. हसू दे.

शेजारच्या पोरीचं नर्सिंगच्या यादीत नाव लागलं. यवतमाळचं कॉलेज, बसनं रोज जाणंयेणं जमेल असं. तिच्या बाबानं आधीच सांगून ठेवलं होतं, यवतमाळ लागलं तर शिक, त्याच्या पलीकडं नाही. जागा पक्की करायचा शेवटचा दिवस होता. माझ्या मेलवर येणारा कोड पाच वाजायच्या आत टाकला की झालं. पोरगी दुपारी आली, नवा ड्रेस घालून. मी तिले खुर्ची दिली आणि मेल उघडायले बसली.

पासवर्ड चुकीचा आहे, म्हणे.

बोट चुकलं असन म्हणून एकेक अक्षर पाहून दाबलं. पुन्हा तेच. पासवर्ड विसरलात का, त्याच्यावर दाबलं तर कोड पाठवायले भलताच मोबाइल नंबर दिसला. शेवटचे दोन आकडे माझे नव्हतेच. माझ्या मेलमधून मी बाहेर आणि आत दुसरंच कोणी.

"मॅडम, काय झालं?" पोरीनं विचारलं.

"थांब जराशी," मी म्हटलं. मलेच काही समजून नव्हतं राह्यलं. अँटीव्हायरस चालवला. त्यानं सगळं तपासून सांगितलं, कॉम्प्युटर साफ आहे. मग हा मुडदा घुसला कुठून?

मोबाइलमधले मेसेज एकेक पाहत गेली. सकाळी साडेदहाचा एक कोड सापडला. खाली लिहिलं होतं, हा तुमचा पासवर्ड बदलण्याचा कोड आहे, कोणालाही सांगू नका. आणि मले आठवलं. साडेदहाले मी डाळ निवडत होती. फोन आला, माणसाचा आवाज, "मॅडम, कोड आला का?" कोण बोलून राह्यलं हे मी विचारलं नाही. कधीच विचारत नव्हती. चष्मा लावला, सहा आकडे वाचले, वरून "नीट लिहून घे रे बाबा" असंही म्हटलं.

मग मी प्रवेशाच्या हेल्पलाइनले फोन लावत सुटली. चौथ्यांदा लागला. मेल बदलायचा तर अर्ज द्या, दोन दिवस लागतील, असं उत्तर मिळालं. मी भांडली, मग गयावया केली. पाच वाजले. पोरीनं आपले कागद गोळा केले. तिची आई आली आणि तिले घरी घेऊन गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर मले बरं वाटलं असतं.

यवतमाळची जागा गेली. दुसऱ्या फेरीत पुसद मिळण्यासारखं होतं, पण ते रोज जाण्यायेण्यासारखं नव्हतं. बाबा अजून हो म्हणत नव्हते, तरी पोरगी आठवड्यानं आली, स्वतःचा नवा मेल काढायले. तोवर मी घरोघरी जाऊन सांगून आली होती, पासवर्ड कोणाले दाखवायचा नाही, कोड कोणाले सांगायचा नाही, मलेही नाही.

तिनं नाव टाकलं, नंबर टाकला. पासवर्डची वेळ आली तशी ती थांबली. डावा हात कीबोर्डवर आडवा धरला आणि खाली मान घालूनच म्हणाली, "मॅडम, जरा तिकडं पाहा न."

बरोबरच होतं तिचं. मी उठली आणि दाराकडं तोंड करून उभी राह्यली.