उजवीकडची खुर्ची

"आत्या, बाबा गेले..." भाच्याचा फोन आला. दादा केबिन रोडवर एका रिक्षावाल्याची कॉलर धरून तावातावाने भांडत होता, तसाच खाली कोसळला. त्या रिक्षावाल्यानेच त्याला उचलून हॉस्पिटलात नेलं. मला रडू नंतर आलं. आधी वाटलं, हा माणूस असाच जाणार होता.

माझ्या या थोरल्या भावाचा हात आधी चालायचा, तोंड मागून. मिठागरावर मजुरांवर, पुढे बिल्डरच्या माणसांवर आणि घरात माझ्यावर. लग्नानंतर हक्कसोडीच्या कागदावर सही करणार नाही म्हटलं, तेव्हा त्याने अशी थोबाडीत दिली की माझा डावा कान फुटला. पदराने रक्त पुसत मी सही केली. तो कान कायमचा गेला, हे मात्र माहेरी कुणाला कळू दिलं नाही. मला त्याची कीव नको होती.

तीन वर्षांपूर्वी दादाच्या गालावर जांभळट गाठ उठली आणि बघता बघता लिंबाएवढी झाली. तुकडा काढून तपासला, तर त्वचेचा दुर्मिळ कॅन्सर. ऑपरेशनमध्ये अर्धा गाल जाणार होता. दादा पहिल्यांदाच घाबरला. माझ्या मीरा रोडच्या घरी आला, डावीकडे बसला आणि खाली मान घालून काहीतरी पुटपुटत राहिला.

"दादा, उजवीकडे ये. या कानाने ऐकू येत नाही."

"कवापासून?"

"सहीच्या दिवसापासून."

तो स्वतःच्याच गालावर, त्या गाठीवर, फाडफाड मारायला लागला. रक्त आलं. मी त्याचे हात धरले. मग खुर्ची ओढून तो उजवीकडे बसला.

"चुकला माझा, बाय..."

ऑपरेशनची तारीख येईपर्यंत गाठ आक्रसली आणि दोन महिन्यांत नाहीशी झाली. डॉक्टर म्हणाले, तुकडा काढल्यावर फार क्वचित असं होतं, शरीरच गाठीवर उठतं. का, ते नक्की सांगता येत नाही. दादा मात्र गावभर सांगत फिरला, "मीच झोडपली तिला."

खरं सांगते, आनंदाआधी मला भीती वाटली. त्याला नरम केलं होतं ते गाठीने. ती गेली, आता माफीही जाणार. मारामाऱ्या सुरू झाल्याच. पण माझ्याकडे आला की, भांडायचं असलं तरी, खुर्ची ओढून उजवीकडेच बसायचा. शेवटपर्यंत.

परवा भाचा आला आणि सहज त्या खुर्चीत टेकला.

"ऊठ तिथून," मी ओरडले.

त्याने सवयीने गाल झाकला. तेव्हा मला दिसलं, माझा हात उगारलेला होता.