बॅनरवरचा अर्जुन

"नाच बे, अर्जुना!"

भर दुपारी, आठवडी बाजारात, मी ज्या फ्लेक्सच्या दुकानात काम करायचो त्याच्याच पायरीसमोर त्यांनी मला हिरवं लुगडं गुंडाळलं. हातात बांगड्या कोंबल्या. तीन मनगटावरच फुटल्या. चौघं होते, तालुका धाकात ठेवणाऱ्या दादाची पोरं. एकानं मोबाईल धरला. बाजार बघत उभा. माझा मालक शटरआड.

मी नाचलो. भ्यालो होतो, म्हणून नाचलो.

चूक माझीच, म्हणजे माझ्या एका ओळीची. मला कवितेचा लई नाद. पण आमच्याकडं कविता छापून येते ती वाढदिवसाच्या बॅनरवर, फोटोखाली. नांदूरघाटपासून केजपर्यंत कितीतरी पोरांना मी वाघ केलं, भीम केलं. गॉगल, कपाळाला गंध, मागं गर्जणारा सिंह. लिहून लिहून मलाबी तेच खरं वाटायला लागलं. पुरुष म्हणजे ज्याला बघून समोरचा बाजूला होतो तो. बायकोवर हात उचललाय मी. लपवत न्हाई.

दादा वर्षभर तडीपार होता. परत आला तेव्हा स्वागताचा बॅनर माझ्याकडं आला. मी लिहिलं, 'अज्ञातवास संपला, अर्जुन परतला!' चौकात बारा फुटी लागला. मालक खूष, मीबी खूष. संध्याकाळी दादाच्या विरोधकानं स्टेटस ठेवलं, 'अज्ञातवासात अर्जुन काय नेसून नाचत होता, विचारा की!' सगळा तालुका हसला. दादावर हसायची हिंमत लोकांना माझ्या ओळीनं दिली. त्याचं उट्टं माझ्यावर निघालं.

व्हिडिओ माझ्या आधी घरी पोचला होता.  आई सुई घेऊन मनगटातल्या काचा काढत बसली. मी म्हणालो, "आये, मला बाई केलं त्यांनी."

तिनं सुई थांबवली.

"म्या काय हाय मग? ईस वर्सं बांगड्या भरल्या हातानं ऊस तोडलाय. तुझा बाप मोळी बांधून दमून बसायचा, तवा गाडीवर म्या चढवायची. लई कविता करतूस, आन् एवढं ठावं न्हाई? बढाया मारणारा राजपुत्र रथातून उडी टाकून पळाला. गाई सोडविल्या त्या बांगड्यावाल्यानंच. पोथीत ऐकलंय म्या."

बायको चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. मी मारायचो तेव्हा तिला कसं वाटत असेल, ते मला त्या दिवशी बाजारात कळलं. मेल्यासारखं झालं मला. तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, "कळलं ना? बास."  माफ केलं असं म्हणाली न्हाई.

आठवडा गेला. बाजारात माझा व्हिडिओ काढणारा पोरगा दुकानात आला, खुर्ची ओढून बसला. आमच्या वस्तीवरल्या शेवंतानं ठाण्यात तक्रार दिली होती. तिच्या नवऱ्याला दादाच्या माणसांनी उसाच्या फडात मारलं, तो अजून अंथरुणाला खिळून आहे.

"नरसिंहाचा बॅनर कर. मांडीवर फाडलेला राक्षस पायजे. खाली अशी ओळ दे की वाचली की बाईनं तक्रार मागं घेतली पायजे. तिच्या दारासमोरच लावायचाय."

"न्हाई लिहीत."

"कावून?"

"लिहायचं न्हाई म्हणून."

तो हसला. "पुन्हा नाचायचंय का बे?"

"लुगडं आन. नाचतो. ओळ मिळायची न्हाई."

 त्याचं हसू गेलं. "बरं," एवढंच म्हणाला. जाताना दाराची काच बोटानं वाजवली, हळू, दोनदा.

तेव्हापासून एक पांढरी गाडी वस्तीवर येते. काचा वर. माझ्या दारासमोर थांबते, मग शेवंताच्या. कुणी उतरत न्हाई. मालकानं मला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. शेजारच्यांनी दारं लावायला सुरुवात केलीय. कालपासून आमचं कुत्रं सापडत न्हाई.

पण त्या पोरानं एक चूक केली. दुकानात यायच्या आधी त्यानं हीच ऑर्डर मला बोलून पाठवली होती, मोबाईलवर. 'बाईनं तक्रार मागं घेतली पायजे' हे त्याच्याच आवाजात, दादाचं नाव घेऊन. मी तो आवाज तीन जागी ठेवलाय. एक बायकोकडं.

सोमवारी केजच्या ठाण्यात शेवंताचा जबाब आहे. तिच्यासोबत जायला वस्तीवरचा एकबी गडी तयार न्हाई. मी चाललोय. गाडी मागं येईल. येऊ द्या. आवाज साहेबासमोर लावणार. साक्षीदाराचं नाव विचारतील तेव्हा सांगणार, मोठ्यानं, बाहेर गाडीत बसलेल्यांना ऐकू जाईल असं. माझं नाव, त्याच्यापुढं आईचं, मग बापाचं.

बॅनरवर मी आजवर माझं नाव कधीच लिहिलं न्हाई. जबाबाखाली लिहिणार.